लॉगमध्ये सांडलेली गुपिते आणि गिटलीक्स : आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

मे महिन्यात, रावेर आणि यावल पट्ट्यात केळीची कापणी जोरात असताना, आमच्या कार्यालयात एका व्यापाऱ्याच्या मुनीमजींचा फोन आला. जळगावात आमची चार जणांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही एक हिशेब प्रणाली लिहिली आहे. बागेत कापणी होते, घडांचे वजन काट्यावर होते, त्या दिवसाचा भाव लागतो आणि शेतकऱ्याची रक्कम थेट त्याच्या बँक खात्यात जमा होते. मुनीमजी म्हणाले, "भाऊ, काल तुम्ही ग्रुपवर जी फाइल टाकली, तिच्यात माझ्या शेतकऱ्यांचे खाते नंबर अन् आधार नंबर दिसताहेत. हे असंच असतं का?"

हे असे नसते. दोन आठवड्यांपूर्वी काही रकमा अडकत होत्या, म्हणून आमच्यापैकी एकाने पेमेंट सेवेकडे जाणारी संपूर्ण विनंती लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची जी नोंद ठेवतो त्या फाइलमध्ये, छापणारी एक ओळ कोडमध्ये टाकली होती. दोष सापडला, रकमा सुटल्या, पण ती ओळ तशीच राहिली. पुढे दुसऱ्याच एका अडचणीचा पुरावा म्हणून तीच लॉग फाइल मी स्वतः व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तिच्यात शेतकऱ्यांची नावे, मोबाइल क्रमांक, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, काहींचे आधार क्रमांक आणि त्यासोबत पेमेंट सेवेची आमची गुप्त एपीआय-की (आमच्या प्रोग्रामला त्या सेवेत प्रवेश देणारी किल्ली), असे सारे उघड्यावर होते. चूक पूर्णपणे आमची होती. एपीआय-की आम्ही त्याच तासाला बदलली, फाइल ग्रुपवरून काढली आणि ज्यांची माहिती बाहेर गेली त्या प्रत्येक शेतकऱ्याला फोन करून तसे सांगितले. ते फोन करणे हे माझ्या नोकरीतील आजवरचे सर्वात कठीण काम होते. असे पुन्हा होऊ नये म्हणून कोणते साधन वापरावे याचा शोध घेताना कोडमधली आणि फाइलींमधली गुपिते शोधणारे गिटलीक्स हाती आले. आठ महिने ते रोज वापरल्यानंतर, आपल्या भागातील छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

साधनाकडे वळण्यापूर्वी मूळ रोगाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तो समजल्याशिवाय औषधाची पारख होत नाही. पासवर्ड डेटाबेसमध्ये कूटरूपात ठेवावा, एपीआय-की कोडमध्ये लिहू नये, हे आता पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. लॉगकडे मात्र कोणी साठवण म्हणून पाहतच नाही. ती आपली कच्ची वही आहे, आपल्याशिवाय तिच्याकडे कोण बघणार, अशी समजूत असते. प्रत्यक्षात लॉगच्या प्रती सर्व्हरवर राहतात, बॅकअपमध्ये जातात, लॉग गोळा करणाऱ्या बाहेरच्या सेवेकडे जातात, आणि अडचण आली की ईमेलला जोडून तिऱ्हाइताच्या हाती पडतात. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, तो याच कारणाने. तेथे पासवर्डचे बीक्रिप्ट पद्धतीने न वाचता येणाऱ्या रूपात रूपांतर केले जात होते, परंतु एका दोषामुळे ते रूपांतर पूर्ण होण्याआधीच मूळ पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये लिहिला जात होता. म्हणजे तिजोरी मजबूत होती, पण तिजोरीत ठेवण्याआधी दागिन्यांची यादी दाराबाहेरच्या फळ्यावर लिहिली जात होती. त्याच सुमारास कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबनेही पासवर्ड बदलणाऱ्या मोजक्या वापरकर्त्यांच्या बाबतीत असाच दोष आढळल्याचे कळवले. मार्च २०१९ मध्ये फेसबुकने कोट्यवधी वापरकर्त्यांचे पासवर्ड अंतर्गत यंत्रणेत साध्या मजकुरात साठल्याचे मान्य केले आणि त्याच प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने मेटा कंपनीला ९.१ कोटी युरोंचा दंड केला. या तिन्ही ठिकाणी उत्तम अभियंते होते. त्यामुळे "आपल्याकडची मुले हुशार आहेत, असे होणार नाही" हा युक्तिवाद मी आता ऐकून घेत नाही.

गिटलीक्स हा गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, एमआयटी परवान्याखाली मोफत मिळणारा आणि कमांड लाइनवर चालणारा एक प्रोग्राम आहे. एकच फाइल उतरवून घ्यायची आणि चालवायची, एवढीच त्याची स्थापना. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींसाठी तयार फाइल मिळते. तपासणी पूर्णपणे आपल्याच संगणकावर होते, कोडची एक ओळही बाहेर पाठवावी लागत नाही. उन्हाळ्यात वीज गेली की आमचे काम मोबाइलच्या इंटरनेटवर आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे हा गुण आमच्यासाठी फार मोलाचा ठरला. गुपिते शोधण्यासाठी आपला सारा कोड आणि लॉग दुसऱ्या एखाद्या सेवेकडे पाठवणे मला मुळातच पटत नाही.

त्याच्या कामाची पद्धत अशी. प्रत्येक नियमात एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणारे सूत्र, असते, त्यासोबत काही सूचक शब्द असतात, आणि बऱ्याच नियमांत एन्ट्रॉपीची, म्हणजे अक्षरांच्या विस्कळीतपणाची, एक किमान मर्यादा असते. सूचक शब्द आसपास दिसला तरच पुढची महाग तपासणी होते, म्हणून वेग चांगला राहतो. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या, पेमेंट सेवांच्या आणि संदेश सेवांच्या एपीआय-कींचे ठरलेले नमुने त्यात आधीच भरलेले आहेत. त्याला तपासायला तीन प्रकारची सामग्री देता येते : गिटचा, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा, संपूर्ण इतिहास, एखादे साधे फोल्डर, किंवा दुसऱ्या प्रोग्रामने सोडलेला मजकुराचा प्रवाह. गिटच्या इतिहासाची तपासणी पहिल्यांदा केली तेव्हा आम्हाला आमचे खरे चित्र दिसले. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी एसएमएस सेवेची एपीआय-की एका फाइलमध्ये लिहिली होती, दुसऱ्या दिवशी ती काढून "की हटवली" असा संदेश देऊन कमिटही (गिटमध्ये बदलाची नोंद) केले होते. आम्ही सर्वांनी तो विषय संपला असे मानले होते. परंतु गिटमध्ये काढलेली ओळही जुन्या कमिटमध्ये जशीच्या तशी राहते आणि रेपोची, म्हणजे गिटमधल्या कोडच्या साठ्याची, प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती वाचता येते. ती एपीआय-की तीन वर्षे चालू होती.

त्याच तपासणीत एक चाचणीची लॉग फाइलही सापडली, जी चुकून कमिट झाली होती, आणि तिच्यातली गळती मला अधिक शिकवून गेली. आपल्याकडच्या अनेक एसएमएस सेवांना विनंती पाठवताना एपीआय-की वेब पत्त्याच्याच शेवटी, प्रश्नचिन्हानंतर जोडावी लागते. आमच्या कोडमध्ये ती कुठेही छापलेली नव्हती, आम्ही त्याबाबत सावध होतो. पण पायथनच्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीत सर्व्हरने नकार दिला आणि त्रुटी उठवली, तर त्रुटीच्या संदेशात पूर्ण पत्ता येतो. तो संदेश आम्ही लॉग करत होतो, आणि त्यासोबत एपीआय-कीही. एन्जिनएक्स सर्व्हरच्या नेहमीच्या ॲक्सेस लॉगमध्येही पत्त्याचा हा भाग आपोआप नोंदला जातो. म्हणजे प्रोग्रामरने एकही चुकीची ओळ न लिहिता गुपित लॉगमध्ये पोहोचते. कोड वाचून अशी गळती सहजासहजी पकडता येत नाही, तयार झालेला लॉगच तपासावा लागतो. म्हणून गिटलीक्सची फोल्डर तपासण्याची सोय मला गिट तपासण्याच्या सोयीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, जरी साधनाच्या नावात गिट असले तरी. आम्ही रोज रात्री सर्व्हरवरच्या लॉग फोल्डरवर ती चालवतो. तेथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : जुने लॉग संक्षिप्त करून जीझेड रूपात ठेवलेले असतात आणि सांगितल्याशिवाय गिटलीक्स अशा संक्षिप्त फाइलच्या आत शिरत नाही. किती थर आत जायचे हे वेगळ्या पर्यायाने द्यावे लागते, आणि तो पर्याय अलीकडच्या आवृत्त्यांतच आहे.

आता मर्यादांविषयी, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण आपल्या भागात हे साधन वापरणाऱ्याचे काम याच ठिकाणी अडेल. गिटलीक्सचे मूळ नियम एपीआय-की आणि टोकन (ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाला) यांच्यासाठी लिहिलेले आहेत, माणसांच्या माहितीसाठी नाहीत. आधार, पॅन किंवा बँक खाते क्रमांक त्यात नाहीत. मुनीमजींना जे दिसले त्यातली एपीआय-की मूळ नियमांनी पकडली असती, शेतकऱ्यांचे आधार क्रमांक सुटले असते. तेव्हा स्वतःचे नियम लिहिणे भाग होते. पॅनचा नियम सोपा आहे : पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर, आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर पी असते. आयएफएससीही सोपा : चार अक्षरे, मग शून्य, मग सहा अक्षरे किंवा अंक. आधारने मात्र आम्हाला थकवले. आधार क्रमांक १२ अंकी असतो, पहिला अंक शून्य किंवा एक नसतो, आणि शेवटचा अंक व्हरहूफ पद्धतीने काढलेला पडताळणी अंक असतो. गिटलीक्सच्या नियमात नमुना लिहिता येतो, पण असे गणित करता येत नाही. त्यामुळे दोन ते नऊ यांपैकी अंकाने सुरू होणारी प्रत्येक १२ अंकी संख्या त्याला आधार वाटते. आणि यूपीआय व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही नेमका १२ अंकी असतो, ज्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो. २०२० आणि २०२१ मधले संदर्भ क्रमांक शून्य आणि एकने सुरू होत असल्याने आपोआप गाळले गेले असते, पण २०२२ पासूनचा प्रत्येक यूपीआय व्यवहार आमच्या अहवालात आधार म्हणून उभा राहू लागला. व्यवहारांच्या लॉगमध्ये असे शेकडो खोटे इशारे आले की माणूस अहवाल उघडणेच सोडतो, आणि मग पहारा असून नसल्यासारखा होतो. शेवटी आम्ही गिटलीक्सने काढलेली यादी आमच्याच एका छोट्या प्रोग्राममधून गाळून घेतली, जो व्हरहूफचे गणित करतो. त्यातूनही साधारण दहातली एक खोटी संख्या योगायोगाने पार होते, कारण पडताळणीचा अंक एकच आहे. तेवढे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

दुसरी मर्यादा लिपीची आहे आणि ती कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. आमचे बरेच शेतकरी आणि मुनीम मोबाइलवर मराठी कळफलक वापरतात आणि खाते आणि आधार क्रमांक देवनागरी अंकांत भरतात. आमची प्रणाली ते अंक नंतर बदलून घेते, पण लॉगमध्ये ते मूळ रूपात, म्हणजे देवनागरीतच, उमटतात. गो भाषेच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये अंकासाठी जी नेहमीची खूण वापरतात, ती फक्त इंग्रजी अंक ओळखते. त्यामुळे सुरुवातीचे दोन महिने आमचा आधारचा नियम देवनागरी क्रमांकांवरून बिनदिक्कत पुढे जात होता, आणि अहवाल स्वच्छ येत होता. नियमात ० ते ९ हे देवनागरी अंकही स्पष्टपणे जोडावे लागतात. मराठी, हिंदी किंवा गुजराती लोकांसाठी प्रणाली लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे आजच तपासून पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याच जातीची आणखी एक उणीव कोडमधल्या चलांच्या (मूल्ये साठवणाऱ्या व्हेरिएबलांच्या) नावांत आहे. सर्वसाधारण एपीआय-की आणि पासवर्ड पकडणारा जो मूळ नियम आहे, तो टोकन, सिक्रेट, पासवर्ड अशा इंग्रजी सूचक शब्दांवर अवलंबून आहे. आमच्या जुन्या कोडमध्ये एका सहकाऱ्याने रोमन लिपीत "किल्ली" आणि "परवली" अशी नावे दिली होती. ती नावे वाचायला छान होती, पण गिटलीक्सच्या लेखी ती नव्हतीच. शिवाय त्या नियमात एन्ट्रॉपीची मर्यादा ३.५ आहे. खऱ्या, यंत्राने तयार केलेल्या एपीआय-की ती सहज ओलांडतात. परंतु गावाचे नाव, त्यापुढे ॲटचे चिन्ह आणि १२३, असा जो पासवर्ड आपल्याकडे निम्म्या कार्यालयांत चालतो असे माझे निरीक्षण आहे, तो या मर्यादेखालीच राहतो. दुबळा पासवर्ड शोधकालाही दिसत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. त्यावर उपाय म्हणून आम्ही सूचक शब्दांत आमचे मराठी शब्द घातले आणि मर्यादा कमी केलेला एक वेगळा नियम फक्त सेटिंगच्या फाइलींसाठी ठेवला.

सर्वात महत्त्वाचा इशारा अहवालाविषयी आहे. गिटलीक्सला जे सापडते ते तो अहवालात लिहितो, आणि वेगळे काही सांगितले नसेल तर सापडलेले गुपितही तिथे पूर्णपणे, जसेच्या तसे लिहितो. पहिल्या आठवड्यात आम्ही तो अहवाल बिल्ड सर्व्हरच्या (कोडपासून प्रोग्राम आपोआप तयार करणाऱ्या संगणकाच्या) लॉगमध्ये छापत होतो आणि त्याची प्रत चौघांना ईमेलने जात होती. लॉगमधली गुपिते शोधण्यासाठी आणलेल्या साधनाच्या साहाय्याने आम्ही तीच गुपिते निवडून, एकत्र करून, ओळ क्रमांकासह नव्या लॉगमध्ये भरत होतो. दोष साधनाचा नाही. रिडॅक्ट नावाचा पर्याय दिला की गुपिताच्या जागी केवळ झाकल्याची खूण येते, आणि तो पर्याय माहितीपुस्तिकेत स्पष्ट दिलेला आहे. आम्ही तो वाचला नव्हता. माझ्या मते हा पर्याय मुळातच चालू असावा आणि ज्याला पूर्ण गुपित पाहायचे त्याने तो मुद्दाम बंद करावा. हे परीक्षण वाचून कोणी गिटलीक्स पहिल्यांदा चालवणार असेल, तर त्याने पहिल्याच वेळी रिडॅक्टसह चालवावे.

बिल्ड सर्व्हरचा विषय निघालाच आहे तर तेथील धोका वेगळा सांगायला हवा. गिटहब ॲक्शन्ससारख्या, कोड आपोआप तपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या सेवा नोंदवलेली गुपिते लॉगमध्ये दिसली तर तारांकित करून झाकतात, आणि त्यामुळे अनेकजण निर्धास्त असतात. परंतु ही झाकणी नेमक्या त्याच मजकुराची असते. तेच गुपित बेस६४ रूपात (माहिती वेगळ्या अक्षरांत लिहिण्याची एक पद्धत) किंवा मोठ्या जेसनच्या (माहितीची रचना लिहिण्याच्या एका मजकूर-रूपाच्या) आत रूप बदलून आले, तर ते झाकले जाईल याची हमी नाही, आणि गिटहबची स्वतःची कागदपत्रेही तसा इशारा देतात. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सचे चेंज्ड-फाइल्स या नावाचे, तेवीस हजारांहून अधिक रेपोंमध्ये वापरले जाणारे एक तयार साधन हल्लेखोरांनी बिघडवले, तेव्हा त्यांनी गुपिते बाहेर पाठवली नाहीतच. ती बेस६४ रूपात बिल्डच्या लॉगमध्ये छापली. ज्यांचे लॉग सार्वजनिक होते त्यांची गुपिते जगाला वाचता आली. गिटलीक्समध्ये बेस६४ उलगडून आत पाहण्याची सोय आहे, तीही किती थर उलगडायचे ते सांगून. ती चालू ठेवल्यास वेळ थोडा वाढतो, पण ठेवावीच.

काय करता येत नाही, हेही स्पष्ट असावे. गिटलीक्स चालत्या प्रोग्रामला अडवत नाही. लॉगमध्ये ओळ उमटल्यानंतरच ते ती शोधते, म्हणजे सांडल्यावर लक्षात आणून देते. सांडू नये म्हणून आम्हाला आमचा कोडच बदलावा लागला. आता आम्ही कोणतीही विनंती संपूर्ण छापत नाही, ठरवून दिलेली नावेच लॉगमध्ये जाऊ शकतात, आधारचे फक्त शेवटचे चार अंक दिसतात, आणि ऑथरायझेशन हेडर (विनंतीचा ओळख पटवणारा भाग) कुठल्याही परिस्थितीत छापला जात नाही. त्याचप्रमाणे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून काढलेली एचएआर फाइल (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील देवाणघेवाणीची नोंद) हेही गिटलीक्सच्या वाटेत येणारे नाही, जोपर्यंत आपण ती स्वतः त्याला देत नाही. अडचण आली की सेवा देणारे लोक "एचएआर फाइल पाठवा" असे सहज म्हणतात. त्या फाइलमध्ये कुकी आणि सत्राचे टोकन असू शकतात, म्हणजे पासवर्ड न देताही आपल्या खात्यात शिरण्याचा परवाना. ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या, लॉगिन सेवा देणाऱ्या ओक्टा कंपनीच्या प्रकरणात हेच घडले. ग्राहक साहाय्य यंत्रणेत ग्राहकांनी दिलेल्या एचएआर फाइली हल्लेखोराच्या हाती लागल्या, १३४ ग्राहकांच्या फाइलींपर्यंत तो पोहोचला आणि त्यातील टोकन वापरून पाच ग्राहकांची सत्रे बळकावली गेली. क्रोमने २०२४ मध्ये, १३०व्या आवृत्तीपासून, एचएआर फाइल काढताना कुकी आणि ऑथरायझेशन हेडर मुळातच वगळण्याची पद्धत सुरू केली, ही फार चांगली सुधारणा आहे. तरीही विनंतीच्या आतला मजकूर आणि पत्त्यातले भाग तसेच राहतात, म्हणून आमच्याकडून बाहेर जाणारी प्रत्येक लॉग किंवा एचएआर फाइल आता आधी गिटलीक्समधून जाते. अहवाल रिकामा आल्याशिवाय ईमेल पाठवायची नाही, हा कार्यालयाचा नियम आहे आणि तो माझ्यासाठी सर्वात आधी लागू आहे.

संगणकावर कमिट होण्याआधीच तपासणी व्हावी म्हणून प्री-कमिट हुक बसवता येतो. त्याचा उपयोग आहे, पण घाईत असलेला माणूस तो एका शब्दाने टाळू शकतो, म्हणून हीच तपासणी सर्व्हरवरही ठेवावी. जुन्या निष्कर्षांची आधाररेषा देऊन फक्त नवे दाखवण्याची सोयही आहे. आधी जुन्या एपीआय-की बदलाव्यात आणि मगच आधाररेषा काढावी, नाहीतर चालू असलेली एपीआय-की कायमची नजरेआड होते. ट्रफलहॉग हे याच कामाचे दुसरे प्रसिद्ध साधन सापडलेली एपीआय-की प्रत्यक्ष त्या सेवेला विचारून चालू आहे का ते पडताळते. गिटलीक्स तसे करत नाही. मोठ्या संघांना ती पडताळणी हवीशी वाटेल, पण आम्ही सापडलेली प्रत्येक एपीआय-की बदलूनच टाकतो, त्यामुळे आम्हाला तिची उणीव भासली नाही.

कायद्याची बाजूही येथे येते, आणि आमच्या व्यापाऱ्यांना हीच बाजू सर्वात लवकर पटते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि सुरक्षेची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. म्हणजे "लॉग लगेच पुसून टाका" हा सोपा मार्ग बंद आहे. आज लॉगमध्ये सांडलेला आधार क्रमांक निदान सहा महिने कुठेतरी पडून राहणार. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमच्यासारख्या कंपनीची सारी मालमत्ता विकली तरी त्या आकड्याच्या जवळपासही आम्ही पोहोचणार नाही. परंतु मला खरी चिंता दंडाची नाही. ज्या शेतकऱ्याने केळीचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून विश्वासाने आपला खाते क्रमांक दिला, त्याला कोणीतरी त्याचे नाव, खाते आणि शेवटच्या जमेची रक्कम अचूक सांगून बँकेतून बोलतो म्हणून फोन केला, तर तो ओटीपी सांगणार नाही याची खात्री मी कशी देऊ? फसवणाऱ्याला लागणारे सगळे तपशील आमच्या त्या फाइलमध्ये एका ओळीत होते.

खर्चाचे सांगायचे तर मूळ प्रोग्रामला काहीच लागत नाही. गिटहबवर वापरायचे त्याचे तयार ॲक्शन कंपनीच्या खात्यावर चालवण्यासाठी परवाना-की घ्यावी लागते. आम्ही ते न वापरता मूळ प्रोग्रामच थेट चालवतो. खरा खर्च वेळेचा आहे. नियम बसवणे, खोटे इशारे गाळणे आणि इतिहासातील एपीआय-की बदलणे यात आमचे पहिले तीन आठवडे गेले. त्यानंतर रोजचा अहवाल पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारसारख्या ठिकाणी दोन-तीन जणांनी चालवलेली कंपनी असेल आणि सुरक्षेसाठी वेगळा माणूस नसेल, तर मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. मात्र ते आणल्याबरोबर मूळ नियमांवर विसंबून राहू नये. मूळ नियमांनिशी ते एपीआय-कींचा चांगला पहारेकरी आहे, पण माणसांच्या माहितीचा पहारा आपल्यालाच शिकवावा लागतो. दोन्ही बाजू एकत्र धरून मी त्याला पाचपैकी चार देतो. एक गुण रिडॅक्ट मुळातच चालू नसल्याबद्दल कमी केला आहे.

आधार, पॅन, आयएफएससी आणि देवनागरी अंकांसाठीचे आमचे नियम, तसेच व्हरहूफ गाळणीचा छोटा प्रोग्राम, जळगावातील दोन कंपन्यांना आम्ही आधीच दिला आहे आणि त्यांच्या सूचनांवरून त्यात बदलही केले आहेत. बँक खाते क्रमांकाचा नियम अजून समाधानकारक झालेला नाही, कारण प्रत्येक बँकेची अंकसंख्या वेगळी आहे आणि सैल नियम वजनकाट्याच्या पावती क्रमांकांनाही खाते समजतो. खात्याच्या आधी किंवा नंतर त्याच ओळीत आयएफएससी असेल तरच इशारा द्यावा, अशी सूचना मुनीमजींनीच परवा केली. ती आम्ही या आठवड्यात करून पाहत आहोत.